मागच्या रांगेचं काय करायचं?

पत्र थोडक्यात असं : पत्र लिहिणाऱ्या बाई वय-तयारीची अट नसलेल्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या एका संगीतशाळेत बरीच वर्षं व्हायोलिन शिकवतात. एकेकाला समोर बसवून शिकवण्यात त्यांचा हातखंडा. गेल्या वर्षी शाळेच्या तंतुवाद्यांच्या वृंदाचे कंडक्टर सोडून गेले आणि वृंद बाईंच्या गळ्यात पडला. वाजवणारे 26. सगळ्यांत लहान 12 वर्षांची मुलगी, सगळ्यांत मोठे 68 वर्षांचे निवृत्त गृहस्थ, ज्यांना सगळे काका म्हणतात. पुढे परीक्षांवर परीक्षा देणारी तीन-चार तयारीची मुलं, मागे सात-आठ नवशिके आणि त्यांच्यातच काका. काका एकही तालीम चुकवत नाहीत, जोरात वाजवतात आणि बेसूर वाजवतात. दीड तासाच्या तालमीत आठ-दहा बारांवर (लिखित संगीतातल्या छोट्या खणांवर) अर्धा तास जातो, बाईंचा घसा बसतो. तयारीच्या मुलांपैकी एकाने ‘इथे वेळ फुकट जातो’ असं तोंडावर सांगितलं. पालक म्हणतात, ऑडिशन घ्या, कच्च्यांना बाहेर ठेवा. शाळेचे संचालकही त्याच बाजूला झुकलेत. कार्यक्रम दहा आठवड्यांवर आलाय. बाई विचारतात : ऑडिशन घ्यावी का? आणि ‘मी मुळात शिक्षिका, कंडक्टर नाहीच’, तर हे काम सोडून द्यावं का?

नमस्कार,

ऑडिशन घेऊ नका. या कार्यक्रमाआधी तरी नकोच. दहा आठवडे उरले असताना सात-आठ जणांना काढलंत तर उरलेल्यांचं वाजवणं त्याने सुधारणार नाही, ते फक्त घाबरतील. घाबरलेल्या माणसाचा गज तारेवर कसा थरथरतो हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढच्या वर्षाचं काय, त्यावर येतेच. पण आधी तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य घेते, कारण पाणी तिथेच मुरतंय.

‘मी शिक्षिका, कंडक्टर नाही.’ ही दोन वेगळ्या जातीची माणसं असतात असं तुम्ही धरून चालला आहात. विवाल्दी 1703 मध्ये व्हेनिसच्या पिएता या अनाथाश्रमात लागला तो व्हायोलिन शिकवायला. तिथल्या मुलींच्या वृंदासाठी त्याने किती लिहिलं ते आपण आजही वाजवतो. गुस्टाव होल्स्ट जगाला माहीत आहे तो ग्रहांवरच्या रचनेमुळे, पण त्याचं पोट शिकवण्यावर होतं. 1905 पासून अखेरपर्यंत तो लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये संगीत शिकवत होता आणि 1907 पासून बरीच वर्षं मॉर्ली कॉलेजमध्ये नोकरदार प्रौढांना घेऊन बसत होता. आज व्यावसायिक वृंद आवडीने वाजवतात तो ‘सेंट पॉल्स स्वीट’ त्याने शाळेच्या मुलींसाठी लिहिला. या दोघांना कोणी ‘तुम्ही नक्की शिक्षक की कंडक्टर’ असं विचारलं असतं तर त्यांना प्रश्नच कळला नसता.

शिवाय हातात वाद्य न घेता, नुसती छडी घेऊन समोर उभं राहणारा माणूस ही तशी अलीकडची गोष्ट. अठराव्या शतकात वृंद चालायचा तो पहिल्या व्हायोलिनवाल्याच्या किंवा कीबोर्डवर बसलेल्याच्या इशाऱ्यावर. त्याआधी काठी जमिनीवर आपटून ताल देणारेही होते. त्या हौसेपायी ज्यां-बातिस्त ल्यूलीने 1687 मध्ये काठी स्वतःच्या पायावर मारून घेतली, जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. (स्टँडवर पेन्सिल आपटून ताल देणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे लक्षात ठेवावं.) सांगायचा मुद्दा, तुम्ही व्हायोलिनवाल्या आहात. पुढच्या तालमीत एक रचना छडी बाजूला ठेवून, पहिल्या रांगेत बसून, गजाच्या इशाऱ्यावर चालवून बघा. जो हात तुम्हाला वश आहे त्याच्याकडे वृंद आपोआप बघायला लागतो.

आता जरा टोचणारं बोलते. तुम्ही कंडक्टर नाही म्हणून तालमी रखडत नाहीयेत. तुम्ही समोर उभं राहून एकदम 26 शिकवण्या घेताय, म्हणून त्या रखडताहेत. शिकवणीत चूक झाली की तिथल्या तिथे थांबवणं बरोबरच. समोर एकच जण असतो, त्याचीच चूक, त्याचंच बोट. तीच सवय वृंदात आणली की एकाचं बोट सरळ होईपर्यंत पंचवीस जण वाद्य मांडीवर घेऊन बसतात. दीड तासात चाळीस वेळा थांबलात आणि दर वेळी मिनिटभर बोललात, तर चाळीस मिनिटं कोणी काही वाजवलंच नाही. ‘वेळ फुकट जातो’ म्हणणारा मुलगा उद्धट असेल, पण त्याचा हिशेब चुकलेला नाही. कच्च्या लोकांमुळे वेळ जातो हे त्याचं निदान मात्र मला पटत नाही. वेळ थांबण्यात जातोय.

एका तालमीचं फोनवर रेकॉर्डिंग करा आणि घरी एकटीने ऐका. वृंद कसा वाजला ते सोडून द्या. तुम्ही किती वेळा थांबवलंत आणि तुमचं वाक्य किती लांबलं तेवढंच मोजा. ऐकायला नको वाटेल, पण सवय मोडायला याच्याइतकं दुसरं काही कामी येत नाही.

थांबवण्याचीही एक रीत आहे. पहिल्यांदा झालेली चूक सोडून द्या. निम्म्या चुका दुसऱ्या खेपेला आपल्या आपण जातात. तीच चूक त्याच जागी पुन्हा आली तर थांबवा. थांबल्यावर आधी जागा, मग माणसं (व्हायोलिनांचा पहिला गट की दुसरा), मग काम : ‘बार 33, दुसरी व्हायोलिनं, गज टोकाकडे.’ झालं, पुढे चला. आपण नेमकं उलटं करतो. आधी तक्रार, मग तिची कारणं, आणि शेवटी जागा. तोवर अर्ध्यांना पत्ता नसतो की बोलणं त्यांच्याशी चाललंय. एका वेळी एकच सूचना द्या. आणि सूचना देऊन झाल्यावर वाजवू द्या, लगेच.

हातांबद्दल थोडंसंच सांगते, कारण ते शिकायला आरसा पुरतो. सुरुवातीचा इशारा लयीतच द्या आणि त्यासोबत श्वास घ्या. ‘वन, टू, थ्री, फोर’ मोजून दिलंत की लोक कानाने सुरू होतात आणि डोळे कागदातून वर काढतच नाहीत. दोन्ही हात एकमेकांची नक्कल करत असतील तर डावा खाली ठेवा. आणि हळू आवाजात वाजवायला सांगताना तुमचा हात खांद्याच्या वर असेल, तर ते हाताचं ऐकतील, तुमचं नाही.

मग मागच्या रांगेचं काय? तुमच्या पत्रात ‘मागचे नेहमी सूर उशिरा उचलतात’ असं आहे. थोडं गणित बघा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पहिल्या रांगेपासून सात मीटरवर बसलेल्या माणसाला पुढचा सूर सुमारे 20 मिलिसेकंद उशिराने पोहोचतो. फरक तसा बारीक आहे. पण जो माणूस पुढच्यांचा सूर ऐकून मग गज हलवतो, त्याचा स्वतःचा विचार करण्याचा वेळ त्यात मिळवा, की ओळ ओढल्यासारखी वाटायला लागते. नवशिक्याला वाटतं, नीट ऐकून वाजवलं की चुकणार नाही, आणि त्या प्रामाणिकपणामुळेच तो मागे पडतो. त्याला स्पष्ट सांगावं लागतं : सूर जुळवायला कान, पण सुरू व्हायला डोळे. पुढच्याचा गज निघाला की तुझाही निघाला पाहिजे.

दुसरं म्हणजे कच्चे सगळे मागेच का बसतात? बहुतेक वृंदांत ते आपसूक होतं, कोणी ठरवत नाही. मग चुकणाऱ्याच्या पुढे चुकणारा, शेजारीही चुकणारा, आणि कोणाचं बघून सावरायचं हेच कळत नाही. मी स्वतः एका हौशी वृंदात व्हायोला वाजवते, बहुतेक वेळा मागे, आणि शेजारी खमका माणूस असला की आपलं वाजवणं किती बदलतं हे मला चांगलं ठाऊक आहे. एका स्टँडवर एक तयारीचा आणि एक कच्चा अशी जोडी लावा. पण जोड्या दर दोन-तीन आठवड्यांनी फिरवा. नाहीतर एकाच मुलीला कायमची पोरं सांभाळायला लावल्यासारखं होतं आणि तिची आई तुमच्याकडे येते, रास्त कारणासाठी येते.

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट, जिच्याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही : त्या सात-आठ जणांच्या पुढ्यातला कागद. त्यांना तुम्ही कोणता पार्ट दिलाय? छापील दुसऱ्या व्हायोलिनचा असणार. म्हणजे ज्यांची तिसऱ्या बोटाची जागा अजून पक्की नाही ते एका मात्रेत चार अशा सुरांच्या मागे धावताहेत, आणि तुम्ही त्यांना धावता येत नाही म्हणून रागावताय.

बेंजामिन ब्रिटनने 1958 मध्ये ‘नोयेज फ्लड’ हे चर्चमध्ये करायचं संगीतनाट्य लिहिलं, त्यात व्यावसायिकांसोबत हौशी मुलंही वाजवतात. हौशी व्हायोलिनचे त्याने तीन थर केले. पहिल्यांना बऱ्यापैकी तयारी हवी, पण तिसऱ्या पोझिशनच्या वर जायचं नाही (पोझिशन म्हणजे तारांवर डाव्या हाताची जागा; आकडा वाढला की सूर वरचे). दुसऱ्यांनी पहिली पोझिशन सोडायचीच नाही. तिसऱ्यांना मोठमोठे तुकडे नुसत्या मोकळ्या तारांवर. सराव-गट म्हणून नव्हे, कार्यक्रमात, भरल्या चर्चमध्ये. आणि ती तिसरी व्हायोलिनं काढून घेतली तर नाद बोडका होतो. ब्रिटनसारख्या माणसाला नवशिक्यांसाठी लिहिण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपण पेन्सिल उचलायला का लाजावं?

म्हणून या आठवड्यात बसा आणि मागच्यांसाठी तिसरा पार्ट करा. जिथे एका मात्रेत चार सूर धावतात तिथे पहिलाच ठेवा. जिथे वरच्या पोझिशनला जावं लागतं तिथे तोच सूर सप्तक खाली. जिथे स्वरसंगतीत बसतं तिथे जी, डी, ए, ई यांपैकी मोकळी तार, लांब गजाने. रचना डी, जी किंवा ए मेजरमध्ये असेल तर हे भराभर होतं. ई फ्लॅट मेजरची निवडली असेल तर नवशिक्यांना ती शिक्षाच आहे आणि माझं ऐकाल तर ती रचना आत्ताच बदला. एक खबरदारी : स्वामित्वहक्क असलेल्या रचनेचं नव्याने लिखाण करायचं तर प्रकाशकाची परवानगी लागू शकते. हक्क संपलेल्या जुन्या रचना घ्या, किंवा मुळातच वेगवेगळ्या तयारीचे पार्ट असलेल्या. असं साहित्य आज पुष्कळ छापलं जातं.

यावर एक आक्षेप येणार, बहुधा काकांकडूनच : ‘म्हणजे आम्हाला सोपं करून दिलं?’ हो, दिलं. आणि तसंच सांगा. मोठ्या माणसाला गोंजारलेलं लगेच कळतं. ‘हा पार्ट तुम्ही चोख वाजवा, कार्यक्रमानंतर पुढचा देते’ एवढं पुरे.

काकांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तुमच्या पत्राचा एक मोठा परिच्छेद त्यांच्यावर आहे आणि त्यात एकही वाक्य असं नाही की जे तुम्ही त्यांच्याशी बोललात. सगळ्यांसमोर ‘कोणीतरी बेसूर वाजवतंय’ म्हणणं हे बोलणं नव्हे; त्या वेळी ज्यांना ऐकू जायला हवं ते सोडून बाकी सगळे अस्वस्थ होतात. त्यांना तालमीच्या आधी वीस मिनिटं बोलवा. पहिलं काम त्यांचं व्हायोलिन हातात घेऊन तारा तपासणं. बेसुरीपणातला केवढा तरी भाग खुंट्यांमध्येच असतो. घसरणारी खुंटी, जुनाट तार. (सगळ्यांचीच वाद्यं ए 440 या ठरलेल्या सुराला नीट लावून, कोणीतरी एकेकाची तपासून मगच तालीम सुरू करा. पाच-सात मिनिटं जातात, जाऊ द्या.) मग त्यांना दोन-चार बार वाजवायला सांगा आणि विचारा : वृंदात बसल्यावर तुम्हाला तुमचा स्वतःचा आवाज येतो का? वयानुसार वरच्या पट्टीचं ऐकणं कमी होणं फार सामान्य आहे, आणि ज्याला स्वतःचं ऐकू येत नाही तो जोरात वाजवतो. मी निदान करत नाहीये, तुम्हीही करू नका. पण विचारा. तसं असेल तर त्यांची जागा बदलून बघा, आजूबाजूला गर्दी कमी असेल अशी. आणि तसं नसेल, माणूस नुसताच उत्साही असेल, तर नेमकं काम द्या : ‘या पानावर गजाचा वरचा अर्धा भागच वापरायचा.’ ‘हळू वाजवा’ या सूचनेचं काय करायचं ते कोणालाच कळत नाही; अर्धा गज म्हटलं की हाताला कळतं.

पुढच्या रांगेतली मुलं. ती कंटाळली आहेत हे खरं, आणि थांबणं कमी झालं की कंटाळा बराच उतरेल. पण तेवढ्याने भागणार नाही. परीक्षेसाठी एकट्याने वाजवणाऱ्या मुलांना वृंदात पुढे बसणं सोपंच असतं, अवघड असतं ते इतरांना घेऊन वाजवणं. ते काम त्यांच्यावर टाका. गजाच्या खुणा त्यांनी ठरवाव्यात आणि सगळ्यांच्या पार्टमध्ये लिहाव्यात. तालमीतली वीस मिनिटं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या व्हायोलिनांना घेऊन बसावं. कार्यक्रमात त्यांना चौघांचं एखादं क्वार्टेट द्या, जिथे लपायला जागा नाही. आणि एक रचना तुमच्याशिवाय होऊ द्या. रशियातला पर्सिमफान्स हा वृंद 1922 पासून दहा वर्षं कंडक्टरशिवाय वाजवत होता, न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा 1972 पासून तसाच चाललाय. तुमच्या मुलांना चार मिनिटांची रचना नक्की जमेल. एवढं करूनही एखादा म्हणाला की मला जायचंय, तर जाऊ द्या. ‘नाहीतर मी सोडेन’ या धमकीवर वृंद चालवायला लागलात तर पुढे रचना कोणती हेही पालकच ठरवतील.

एक कौशल्य मात्र सगळ्यांना शिकवा, कारण ते कुठल्याच शिकवणीत शिकवलं जात नाही : हरवणं आणि परत येणं. नवशिक्याचं एक बार चुकलं की तो पान संपेपर्यंत बाहेर राहतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या जागेवरून ठासून वाजवत राहतो. तालमीत मुद्दाम खेळ घ्या. वाजवताना मध्येच म्हणा ‘सोडा’, सगळ्यांनी गज उचलायचा, मनात मोजत राहायचं आणि कागदावर खूण म्हणून असलेल्या सी अक्षराला परत शिरायचं. पहिल्यांदा हसाहशी होईल आणि सी ला जेमतेम चार जण पोहोचतील. तीन-चार आठवड्यांत निम्म्याहून अधिक पोहोचायला लागतात, आणि मग रंगमंचावर काही निसटलं तरी भीती वाटत नाही. वृंदात बसायची किमान अट म्हणून मला विचाराल तर मी हीच ठेवीन : मोकळ्या तारा लयीत वाजवता याव्यात आणि हरवलं तर परत येता यावं. ज्याला हेही अजून जमत नाही त्याला कार्यक्रमात बसवणं ही दया नव्हे, त्याला तयारीचा छोटा गट हवा, आणि हे त्याला आत्ताच सांगायला हवं, आदल्या आठवड्यात नाही.

कार्यक्रमात किती रचना आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. कितीही असोत, एक कमी करा. शेवटच्या दोन तालमींत थांबायचंच नाही, फक्त सलग वाजवायचं.

आता संचालक. त्यांच्याकडे ‘ऑडिशन नको’ एवढंच घेऊन गेलात तर तुम्ही मवाळ ठराल. त्यांना सांगा की नव्या सत्रात प्रत्येकाला दहा मिनिटं ऐकून घेणार, अगदी पुढच्या मुलांनाही. ते कोणाला काढायला नाही, कोणी कोणता पार्ट वाजवायचा आणि कुठे बसायचं ते ठरवायला. संख्या वाढली तर दोन गट करू आणि कार्यक्रमात एक रचना दोन्ही गट मिळून वाजवतील. पालकांना यातलं काय आणि कसं सांगायचं ते संचालकांनी सांगावं, तुम्ही नाही. ते त्यांचं काम आहे. आणि पार्ट लिहिणं, जोड्या लावणं, वीस मिनिटं आधी येणं हे सगळं तुमच्या शिकवणीच्या तासांत धरलेलं नसणार. वृंदाच्या प्रत्येक तालमीमागे तयारीचा एक मानधनाचा तास मागा, जमल्यास वाद्यं लावून द्यायला एक मदतनीसही. हौसेच्या संस्थांत हे मागायला संकोच वाटतो, म्हणून तर चांगले शिक्षक वर्षभरात वृंद सोडतात. तुमच्या आधीचे का गेले तेही एकदा विचारून बघा.

काम सोडायचं की नाही ते कार्यक्रमानंतर ठरवा. मानधनाचं मात्र कार्यक्रमाआधीच बोला. नंतर सगळे खूश असतात, पण तोवर पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक ठरून गेलेलं असतं.